कुड्याचं पाळ

आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याइतकंच ओळखीचं झाड म्हणजे कुडा. त्याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. तोडला तर बुंध्यातून पुन्हा फुटतो. पान तोडलं की पांढरा चीक येतो, चव कडू जहर, म्हणून गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. उन्हाळा सरत आला की पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि पावसाच्या तोंडावर सगळा उतार पांढरा होतो. फुलांची भाजी होते. कोवळ्या शेंगाही उकडून, कडू पाणी टाकून बाया भाजी करतात. शेंगा पिकून वाळल्या की आतलं बी निघतं, ते इंद्रजव. आणि मुळी उकरून तिची साल काढली की ते कुड्याचं पाळ. जुन्या घरात बाळगुटीच्या बटव्यात वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड यांच्या शेजारी कुड्याच्या पाळाचा तुकडा असायचाच.

पोट बिघडलं की कुडा, हे समीकरण आपल्याकडं इतकं जुनं आहे की ते कुणी सुरू केलं हे विचारण्यात अर्थ नाही. मात्र हे औषध वापरताना लोकांनी काय काय केलं, कुणी कसं नाव कमावलं आणि कुणी घालवलं, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. औषध पुढं जातं, पण ते कुठलं, कधी आणि कुणाला द्यायचं याच्या अटी मागं राहतात. मग गुण येत नाही, किंवा अपाय होतो, आणि बोल झाडाला लागतो.

पहिली अट झाडाच्या ओळखीची. कुडा म्हणून रानात एकच झाड नाही. औषधाचा तो पांढरा कुडा. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा, त्याला आमच्याकडं काळा कुडा म्हणतात. फुलं दोघांचीही पांढरी, चीक दोघांनाही, शेंगा दोघांच्याही जोडीनं लोंबतात. नवख्या माणसाला फरक कळत नाही. पण जवळ जाऊन बघा. पांढऱ्या कुड्याचं पान मोठं, रुंद, शिरा उठून दिसणारं. शेंगा लांब, बारीक, जोडीतल्या दोन्ही एकमेकींपासून मोकळ्या. काळ्या कुड्याचं पान लहान, निमुळतं. त्याच्या फुलात मधोमध तंतूंची झालर असते. आणि त्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, पिकल्यावर सुटतात. काळ्या कुड्याचं लाकूड पांढरंशुभ्र आणि मऊ. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी याच लाकडाची. त्याच्या पानांपासून निळा रंग काढायचे. उपयोगी झाड आहे, पण त्याच्या सालीत पांढऱ्या कुड्याचा गुण नाही. जिभेलाही फरक कळतो. पांढऱ्याचं बी कडू, काळ्याचं फारसं कडू नाही, म्हणून बाजारात कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव अशी दोन नावं पडली.

हा फरक आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होता. चरकसंहितेत कुटजाचे दोन प्रकार सांगितलेत, एक पुरुष आणि एक स्त्री. मोठ्या फळाचा, पांढऱ्या फुलाचा, तुकतुकीत पानाचा तो पुरुष. काळसर-तांबूस फुलाची, लहान फळाची ती स्त्री. त्या वर्णनातलं कुठलं झाड म्हणजे आजचं कुठलं, यावर जाणकार वाद घालतील. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की औषध सांगण्याआधी त्यांनी झाड कसं ओळखायचं ते सांगितलं.

त्याच ग्रंथात आणखी एक अट आहे, ती आजच्या घाईच्या माणसानं ऐकावी अशी. जुलाब सुरू झाले की लगेच ते थांबवणारं औषध देऊ नये. पोटात न पचलेलं, सडलेलं, म्हणजे आम, जे असेल ते आधी बाहेर पडू द्यावं. ते आत कोंडलं तर दुसरी दुखणी उभी राहतात. म्हणजे कुड्यासारखं बांधणारं औषध हातात असतानाही वैद्यानं आधी थांबायचं, बघायचं. आणि हाच कुडा, त्याचं बी, चरकानं उलटी करवण्याच्या औषधांतही घेतलंय. एकच झाड, एका रीतीनं दिलं तर जुलाब आवरतं, दुसऱ्या रीतीनं दिलं तर उलटी काढतं. अशा झाडाला निव्वळ निरुपद्रवी पाला कसं म्हणायचं?

आता गोव्याकडं येऊ. सोळाव्या शतकात तिथं गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. मुंबईचं बेटही काही काळ त्याच्याकडं भाडेपट्ट्यानं होतं. हिंदुस्थानातल्या औषधांवर त्यानं संवादाच्या रूपात एक पुस्तक लिहिलं, ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात हगवणीवरच्या एका मलबारी झाडाबद्दल तो लिहितो, आणि अभ्यासक ते झाड कुड्याचं समजतात. हगवणीनं परदेशी शिपाई आणि खलाशी पटापट मरत. तेव्हा युरोपातून आलेल्या वैद्याला इथल्या वैद्याकडं वळावंच लागलं.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेड यानं मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करवून घेतला. 'हॉर्टस मलबारिकस' त्याचं नाव. बारा खंड, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांचं नागरी अक्षरांतलं कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापलंय. त्याच पहिल्या खंडात कुड्याचं चित्र आणि माहिती आहे, 'कोडगपाल' या मल्याळी नावानं. झाड दाखवणारा माणूस शेजारी उभा होता, म्हणून चित्र नीट उतरलं असं मला वाटतं.

पुढं मात्र घोटाळा सुरू झाला. स्वीडनच्या लिनेयसनं १७५३ साली जगभरच्या झाडांना लॅटिन नावं दिली. कुड्याला त्यानं कण्हेरीच्या कुळात घातलं आणि 'अँटिडिसेंटेरिका' म्हणजे हगवणीविरुद्धची, असं नाव ठेवलं. पण त्याच्यापुढचा वाळवलेला नमुना होता श्रीलंकेतल्या एका वेगळ्याच झुडपाचा. म्हणजे हगवणीवरच्या झाडाचं नाव हगवणीवर न चालणाऱ्या झुडपाला बसलं. पुढं १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञानं दोन कुळं वेगळी केली. काळ्या कुड्याच्या कुळाला राइटिया आणि पांढऱ्याच्या कुळाला होलार्हेना म्हटलं. तरी जुनं नाव दोन्हीकडं चिकटून राहिलं. आज शास्त्रात खऱ्या कुड्याचं नाव होलार्हेना प्युबेसेन्स असं आहे, आणि हगवणीचं नाव असलेलं ते श्रीलंकेतलं पांढऱ्या फुलाचं झुडूप रोपवाटिकेत शोभेसाठी मिळतं. कुणी त्याच्या लॅटिन नावावर विसंबून साल खाल्ली तर त्याचं काय, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

अठराव्या शतकात कुड्याची साल 'कोनेसी' या नावानं जहाजांतून युरोपात जाऊ लागली. सुरुवातीला तिचा बोलबाला झाला, मग हळूहळू नाव गेलं. गुण येईना म्हणून डॉक्टरांनी ती सोडून दिली. पुढं अभ्यास करणाऱ्यांनी कारण सांगितलं ते असं, की गोण्यांत कडू सालीबरोबर किंवा तिच्याऐवजी काळ्या कुड्याची साल भरून जात होती. बंदरावरच्या व्यापाऱ्याला साल ती साल. लंडनच्या डॉक्टरला झाड माहीत नाही. मधल्या वाटेत चव घेऊन बघणारा कुणी नव्हता. एक चांगलं औषध अशा रीतीनं बदनाम झालं.

१८५८ साली मुंबईत हेन्स नावाच्या डॉक्टरनं कुड्याच्या सालीतून एक क्षारासारखं द्रव्य वेगळं काढलं. त्यालाच पुढं कोनेसिन म्हणू लागले. काही वर्षांनी विलायतेत बियांतून तेच द्रव्य काढणाऱ्यानं त्याला 'राइटिन' म्हटलं, म्हणजे पुन्हा काळ्या कुड्याच्या कुळाचं नाव. बघा, द्रव्य पांढऱ्याचं, नाव काळ्याचं. शंभर वर्षं झाली तरी ही गुंतागुंत सुटली नव्हती.

इथं थोडं आमच्या आत्याबद्दल सांगतो, कारण औषधाच्या अटी म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळण्याआधी तिच्याकडून कळलं.

आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. अक्षरओळख नाही. पण गावातलं कुणाचं पोट बिघडलं की तिला बोलावणं यायचं. ती गेली की आधी औषध काढायची नाही. विचारायची. "काय पडतंय, आव का पाणी? रगत हाय का? किती दिस झालं? ताप हाय का? आन् मुतलंय कवा?" हा शेवटचा प्रश्न ऐकून आम्ही पोरं हसायचो. तिला हसू यायचं नाही. पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची, तोंडात बोट घालून जीभ ओली आहे का बघायची, टाळूवर हात ठेवायची.

आव पडत असेल, पोटात मुरडा येत असेल, दुखणं काही दिवस रेंगाळलं असेल, तर ती कुड्याचं पाळ ताकात उगाळून द्यायची. ते पाळ ती स्वतः उकरून आणायची, दुसऱ्यानं आणलेलं चालायचं नाही. आधी जिभेवर ठेवून बघायची. कडू लागलं नाही तर उकिरड्यावर.

बाहत्तरच्या दुष्काळात मी सहावीत होतो. आमच्याकडची कितीतरी माणसं पूर्वेला खडी फोडायला, तलावाच्या कामाला गेली. आत्या आणि आमचं घरही गेलं. शेकडो माणसं एका जागी, पाणी टँकरचं किंवा खड्ड्यातलं, खायला मिलो आणि सुकडी. हगवण लागायची ती एका घराला लागून थांबायची नाही. एकाच आठवड्यात दोन पोरं आजारी पडली. एकाला आव होती, पंधरा दिवस रेंगाळलेली. त्याला आत्यानं पाळ दिलं, ताक-भात सांगितला, चार-पाच दिवसांत ते उठून बसलं. दुसऱ्याला नुसतं पाणी, तांदळाच्या धुवणासारखं. आत्यानं बघितलं आणि त्याच्या आईला म्हणाली, "बाय, ह्याला कुडा नगं. ह्याचं पानी चाललंय. मीठ घालून पेज पाज, घोट घोट, थांबू नगं. आन् गाडी बघ, दवाखान्यात ने."

त्या घरच्यांना वाटलं, आत्या औषध चोरतीय. शेजारच्या पोराला दिलं, आपल्याला देईना. त्यांनी दुसऱ्या एका माणसाकडून साल आणून काढा करून पाजला. पेजही दिली नाही, कारण जुलाबात पोटाला काही द्यायचं नाही, असा तेव्हाचा समज. पोर तिसऱ्या दिवशी गेलं. कामावर लोक म्हणाले, कुड्यानं गेलं. आत्या म्हणायची, "कुड्यानं न्हाई, पानी सपलं म्हनून गेलं." पुढं किती वर्षं ती हे सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज खाली जायचा.

मोठा झाल्यावर, दहावीनंतर शाळा सुटली तरी वाचनाचा नाद सुटला नाही म्हणून, मला कळलं की त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ साली, बंगालच्या सरहद्दीवर बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत हेच घडत होतं. बांगलादेशच्या युद्धामुळं लाखो माणसं आलेली, पटकी पसरलेली. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते लोकांना नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. जिथं शंभरातली तीसेक माणसं मरत होती तिथं हे प्रमाण चारच्याही खाली आलं. त्यामागची युक्ती अशी की आजारी आतड्यातही साखरेबरोबर मीठ आत शोषलं जातं आणि त्याच्या मागून पाणी आत जातं. जुलाब थांबत नाहीत, पण माणूस जगतो. आज आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. बनगावात जे कळलं ते आमच्या खडीच्या कामावर पोचायला फार वर्षं लागली. त्यातलं निम्मं आत्याला पेजेच्या रूपात ठाऊक होतं, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

हगवण एक आजार नाही, हे डॉक्टरी शास्त्रालाही हळूहळूच कळलं. १८७५ साली रशियात लॉश या डॉक्टरला हगवणीच्या रोग्यात अमीबा दिसला. १८९७ च्या सुमारास जपानमध्ये शिगा यांनी हगवणीचा दुसरा जंतू शोधला. पटकीचा जंतू आणखी वेगळा. एकच लक्षण, तीन वेगळी कारणं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आत्याचा 'आव का पाणी' हा प्रश्न याच वाटेवरचा होता, सूक्ष्मदर्शक नव्हता एवढंच.

अमिबाच्या आवेवर कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली एमेटिनची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. एमेटिन दक्षिण अमेरिकेतल्या इपेकाक नावाच्या मुळीतून निघतं. गुण जबर, पण हृदयावर वाईट परिणाम करतं, आणि परदेशी म्हणून महाग. तेव्हा कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी आपल्या देशी औषधांची पद्धतशीर तपासणी सुरू केली. कुडा, ज्याला तिकडं कुर्ची म्हणतात, त्यांनी नीट अभ्यासला. योग्य झाडाच्या सालीतली सगळी द्रव्यं काढून बिस्मथबरोबर मिसळून एक औषध बनवलं, 'कुर्ची बिस्मथ आयोडाइड'. रेंगाळलेल्या अमिबाच्या आवेत त्याचा उपयोग दिसला, एमेटिनपेक्षा त्रास कमी, किंमतही कमी. दीड-दोनशे वर्षांपूर्वी बदनाम झालेलं झाड असं पुन्हा मानानं डॉक्टरांच्या दारात आलं. फरक एवढाच झाला होता की या वेळी झाड नीट ओळखलं होतं आणि रोग नीट ठरवला होता.

चोप्रांचं दुसरं काम आमच्यासारख्यांच्या जास्त उपयोगाचं. औषधांतल्या भेसळीची चौकशी करायला सरकारनं १९३० साली समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष होते. त्या चौकशीतून पुढं १९४० चा औषध कायदा आला. आयुर्वेदिक औषधं त्या कायद्याखाली १९६४ च्या दुरुस्तीनं आली. म्हणजे आज कुटजारिष्टाच्या बाटलीवर परवाना क्रमांक, तारीख आणि घटक छापलेले असतात, त्याच्या मुळाशी चुकीची साल गोणीत भरणाऱ्या बाजाराचा अनुभव आहे.

गोष्ट इथंही थांबली नाही. एवढं झाल्यावर वाटलं, आता सालीऐवजी तिच्यातलं मुख्य द्रव्य, कोनेसिन, शुद्ध करूनच का देऊ नये? विसाव्या शतकाच्या मध्याला, विशेषतः फ्रेंच डॉक्टरांनी, ते दिलं. अमिबावर परिणाम झाला, पण काही रोग्यांना झोप येईना, चक्कर येऊ लागली, काहींचं मन बिघडलं, भ्रम झाले. सालीत पाच-दहा द्रव्यांबरोबर थोडं असणारं द्रव्य एकटं आणि जास्त दिलं की त्याचं दुसरं रूप दिसलं. पुढं साठच्या दशकात मेट्रोनिडॅझोल आलं, अमिबावर ते चांगलं चाललं आणि कुर्ची मागं पडली. हरली म्हणून मागं पडली असं नाही, तर जास्त खात्रीचं औषध हाताशी आलं म्हणून.

मग आज कुड्याचं काय? कुटजारिष्ट, कुटजावलेह, कुटजघनवटी ही औषधं दुकानात मिळतात. कुटजारिष्टात कुड्याच्या मुळीच्या सालीबरोबर मनुका, मोहाची फुलं, शिवण, धायटीची फुलं आणि गूळ असतो, म्हणजे निम्मा आमचा डोंगरच त्या बाटलीत असतो. प्रयोगशाळेत सालीचा काही जंतूंवर परिणाम दिसलाय. पण माणसांवरच्या मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्या थोड्याच आहेत. म्हणून कुडा कुचकामी असंही म्हणता येत नाही आणि सगळ्या जुलाबांवर रामबाण असंही म्हणता येत नाही. रेंगाळलेल्या आवेत, जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली, योग्य झाडाची साल, एवढ्या चौकटीत त्याची जागा आहे.

ती चौकट मोडते कुठं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघतो. हिरडा घ्यायला येणारा व्यापारी अलीकडं कुड्याची सालही मागतो. पोरं कोयते घेऊन जातात. पांढरा दिसला पांढरा, काळा दिसला काळा, सोलून आणतात. एका खेपेला मी पोत्यात हात घालून दोन्ही साली वेगळ्या काढून दाखवल्या. व्यापारी हसला, म्हणाला, "पाव्हणं, किलोला भाव हाय, जातीला न्हाई." अडीचशे वर्षांपूर्वी बंदरावरच्या गोण्यांत जे झालं तेच आमच्या बांधावर चालू आहे. शिवाय साल गोल सोलली की झाड वाळतं. मुळी उकरली तर झाडच जातं. पूर्वी आत्या एका झाडाची एका बाजूची मुळी घ्यायची आणि माती पुन्हा ओढून टाकायची, कारण तिला पुढच्या वर्षीही तेच झाड लागणार होतं.

शहरातल्या वाचकानं काय करावं, तेही सांगतो. सुटी पूड, नाव-गाव नसलेली पुडी घेऊ नये. कुडा कण्हेरीच्याच मोठ्या घराण्यातला आहे, आणि कण्हेर किती विषारी हे खेड्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. कडू आणि चिकाळ म्हणजे औषधी, असं समजणं धोक्याचं. गरोदर बाईला, तान्ह्या मुलाला, दुसऱ्या आजाराची औषधं चालू असलेल्या माणसाला घरच्या घरी देऊ नये. ताप असेल, रक्त पडत असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी होत नसेल, तोंड कोरडं आणि डोळे खोल गेले असतील, तर झाडाचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. पोराला जुलाब लागले की पहिल्या तासापासून ओआरएस, अंगावरचं दूध बंद करायचं नाही, आणि आता जस्ताच्या गोळ्याही देतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. आशा ताईंकडं त्या मिळतात.

कुडा वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. उलट मला त्याचा अभिमान आहे. गोव्यापासून कलकत्त्यापर्यंत आणि लंडनपासून पॅरिसपर्यंत ज्या झाडानं चार-पाचशे वर्षं माणसांना विचार करायला लावलं, ते झाड माझ्या बांधावर आहे. पण त्याची ओळख सांगणारी माणसं एक एक करून गेली. आत्याही जाऊन वीस वर्षं झाली. तिच्या हातचं पाळ आता कुणाकडं नाही, आणि तिचे ते पाच प्रश्न तर पुस्तकात कुठंच लिहिलेले नाहीत.

म्हणून यंदा पावसाच्या आधी, फुलं असतानाच, गावच्या शाळेतल्या पोरांना घेऊन मी डोंगरावर गेलो. पांढऱ्या कुड्यांच्या खोडाला चुन्याची पट्टी ओढली, काळ्यांच्या खोडाला गेरूची. पोरांनी दोन्हीची पानं हातात धरून बघितली, फुलातली झालर बघितली. कोवळ्या शेंगा लागल्यावर पुन्हा जायचं, टोकाला चिकटलेल्या आणि मोकळ्या वेगळ्या करायच्या, असं ठरलंय. सोलायचं मात्र काही नाही, असं बजावून सांगितलंय. खाली उतरताना एका पोरीनं विचारलं, "आबा, मग ह्याचं औषध कधी द्यायचं?" मी तिला आत्याचे पाचही प्रश्न सांगितले. तिनं ते वहीत उतरवून घेतले.